पाणी उतरायचे दिवस

शलाकाचा मेसेज सकाळी आला. ‘पाणी उतरायला लागलंय. संडेला येतेस?’ मी वाचला आणि फोन पालथा घालून ठेवला. खिडकीबाहेर माणसाच्या उंचीचं गवत आडवं झालं होतं. पावसाळा संपता संपता डार्विनला दोन-तीन वादळं अशी येतात, की चार महिने वाढलेलं गवत एका दुपारीत झोपवून जातात. मग चतुर उडायला लागतात, अंगाची चिकचिक जरा कमी होते, आणि लोक एकमेकांना तब्येत विचारण्याआधी नदीची पातळी विचारतात. मला त्या आडव्या गवताकडे बघवेना. मी पडदा ओढला आणि चहा टाकला.

या दिवसांना इथे रनऑफ म्हणतात. पावसाळ्यात नदी पात्र सोडून मैलोन् मैल पसरते. पाऊस थांबला की ते सगळं पाणी लहान लहान ओहोळांतून परत नदीत यायला निघतं. ओहोळाचं पाणी काळं, नितळ; नदीचं गढूळ, चहासारखं. दोन्ही जिथे मिळतात तिथे पाण्यावर एक रेघ दिसते. पाण्याबरोबर वाहत येणारी बारकी मासळी गिळायला बारामंडी त्या रेघेवर येऊन थांबतो. हा इथला मानाचा मासा. चांदीच्या रंगाचा, मोठ्या तोंडाचा, भांडकुदळ. पाच-सहा आठवडे हा खेळ चालतो आणि मग पाणी पात्रात जातं, मासा पांगतो. तेवढ्या आठवड्यांत आमच्या हॉस्पिटलात रविवारची ड्यूटी घ्यायला कोणी तयार नसतं.

गेल्या वर्षी मीही ती घेतली नाही. आमचं घर सांगलीचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर ठेवणारं. तरी मी चाळिशीच्या तोंडावर मासे पकडायला शिकायला निघाले, ते शलाकामुळे. शलाका चिपळूणची. इथे शिकायला आली, नवऱ्यासकट राहिली, आणि आता आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिच्याकडे टिनी आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट. नवऱ्याला पाणी बघून गरगरतं, म्हणून तिला जोडीदार हवा होता. मी एकटी राहते, रविवारी कपडे धुते आणि सोमवारची वाट बघते, हे तिला माहीत होतं.

“अगं, पण मी खात नाही,” मी म्हटलं.

“तू पकड, मी खाईन. नाहीतर सोडून दे. नो वरीज.”

पहिल्या रविवारी अंधार असतानाच निघालो. अडीच तास गाडी, मागे ट्रेलरवर बोट. डेली नदीवर उजाडलं तेव्हा पाणी झाडांच्या कमरेपर्यंत होतं आणि काठच्या चिखलावर एक मगर तोंड उघडं टाकून पडली होती. शलाकाने मला तीन नियम सांगितले. हात पाण्यात घालायचा नाही. काठाला उतरायचं नाही. ल्यूर झाडात अडकला तर त्याच्या मागे जायचं नाही. ल्यूर म्हणजे प्लास्टिकचा खोटा मासा. बोटभर लांब, पोटाखाली तिहेरी गळ, आणि ओठाला एक पारदर्शक जीभ, जिच्यामुळे तो ओढला की पाण्यात बुडी मारतो. त्याला रंगवलेले डोळे होते. ते डोळे मला पहिल्यापासूनच आवडले नव्हते.

दांडी मागे घ्यायची, फेकायची, आणि ल्यूर हवेत असताना रिळावर अंगठा हलका टेकवून ठेवायचा. अंगठा जड पडला तर ल्यूर पायाशी पडतो. अंगठा सुटला तर रीळ दोरीपेक्षा वेगात फिरतं आणि दोरीचा असा गुंता होतो, की सोडवता सोडवता अर्धा तास जातो. पहिल्या दिवशी मी सात वेळा गुंता केला. दोन ल्यूर झाडांना अर्पण केले. फेकल्यावर तो ओढत आणायचा, दोन झटके द्यायचे आणि मग थांबायचं. तेच मला जमेना.

“पॉझ दे ना! काय घाई आहे तुला, फ्लाइट पकडायचीय?” शलाका ओरडायची. “तो धावत्या माशाला नाही मारत. थांबलेल्याला मारतो.”

सुजलेले अंगठे आणि डासांनी फोडलेले घोटे घेऊन मी घरी आले आणि बाबांना फोन लावला.

बाबा आयुष्यभर नदीच्या पातळ्या मोजत आले. वारणेच्या पुलाखाली मोजपट्टी रोवलेली होती. पावसाळ्यात दर तासाला तिच्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा, ही त्यांची नोकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पुलावर जायची. एकदा पूर चढत होता, गावातली माणसं घाबरून भोवती जमली होती. कोणी तरी म्हणालं, साहेब, जरा कमीच सांगा, बायाबापड्या रडायला लागल्यात. बाबा म्हणाले, “दिसतो तो आकडा सांगायचा असतो. आवडतो तो नाही.” आणि खरा आकडा मोठ्याने वाचला. मला तेव्हा ते फार कठोर वाटले होते.

रनऑफचं ऐकून ते खूश झाले. इथल्या नद्यांची पातळी इंटरनेटवर दिसते. मी त्यांना लिंक पाठवली. त्यानंतर रोज दुपारी, म्हणजे इथे चार आणि तिथे बारा वाजता, मी वर्कशॉपमधून बाहेर पडले की फोन वाजायचा.

“पाणी किती?”

“तुम्हीच बघितलं असेल की.”

“बघितलं. पण तू सांग.”

“आठ पॉइंट दोन.”

“काल आठ पॉइंट सहा होतं. चांगलं उतरतंय. आणखी जरा उतरू दे. काठाच्या मुळ्या उघड्या पडल्या की तिथे टाक.” आणि मग, “मला एक सांग, खोट्या माशाला खरा मासा फसतो कसा गं?”

“शलाका म्हणते फसत नाही. त्याला राग येतो.”

ते हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि फोन आईने घेतला. “सगळं ठीक आहे गं, हवा बदललीय जरा,” आई म्हणाली. आमच्या घरात ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य नमस्कारासारखं म्हणतात. दूरच्या माणसाला काही कळवायचं नाही, ही आमची रीत. ती बिचारी तिथे एकटी, ऐकून काय करणार, उगाच जिवाला घोर. आणि ही रीत एकतर्फी नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा मी दहा दिवस त्यांना ऑफिसच्या ट्रेनिंगला गेल्याचं सांगितलं होतं. बरी झाल्यावरही खरं सांगितलं नाही. प्रेम म्हणतो आम्ही याला.

दुसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी बाबांशी बोलताना मागे आवाज आला. तीन सुरांचा, मग जरा थांबून पुन्हा तीन.

इथे माझं काम सांगायला हवं. मी हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये सलाइनचे पंप दुरुस्त करते. पंपाला तो आवाज मुद्दाम काढायला लावणं, हेच माझं काम आहे. मी नळी चिमटीत दाबते, पंपाला पुढे औषध ढकलता येत नाही, आणि तो ओरडतो. ओरडला तर पास. दिवसाला पंधरा-वीस वेळा मी तो आवाज ऐकते. घराच्या दाराची बेल मी एक वेळ ओळखणार नाही, पण तो ओळखीन. आणि तो का वाजतो हेही मला ठाऊक आहे. बहुतेक वेळा पेशंटने हात कोपरात वाकवलेला असतो. सुई तिथेच असते, नळी दुमडते. नर्स येते, म्हणते, हात सरळ ठेवा काका, आणि बटण दाबते.

“हा कसला आवाज बाबा?” मी विचारलं.

“इन्व्हर्टर बोंबलतोय.”

मला आठवतंय, मी वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसले होते आणि पायाशी लाल मुंग्या एक मेलेला चतुर ओढून नेत होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, बाबा, हात सरळ करा. त्याऐवजी मी म्हटलं, “दादाला बॅटरीत पाणी घालायला सांगा.”

“सांगतो,” बाबा म्हणाले.

फोन कोपर वाकवल्याशिवाय कानाला लागत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी झोपले. सकाळी दादाला ‘सगळं ठीक ना?’ असा मेसेज टाकला. त्याचा लगेच अंगठा आला, आणि मला हायसं वाटलं. अंगठाच हवा होता मला. फोन केला असता तर त्याचा आवाज ऐकावा लागला असता.

तिसऱ्या रविवारी पाणी बरंच उतरलं होतं. मुळ्या उघड्या पडल्या होत्या, बाबा म्हणाले होते तशाच. एका ओहोळाच्या तोंडाशी काळ्या आणि गढूळ पाण्याची रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसत होती. शलाकाने इंजिन बंद केलं. मी ल्यूर रेघेपलीकडे फेकला, अंगठा बरोबर टेकला, दोन झटके दिले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर थांबले. मी त्या वेळी माशाचा विचार करत नव्हते.

पाण्याखालून कोणी दार आपटावं तसा आवाज झाला आणि दांडी हातातून निसटायला लागली.

“रॉड खाली धर! खाली! उडी मारेल तो!” शलाका किंचाळत होती. त्याने मारलीच. आख्खा मासा हवेत, तोंड उघडं, कल्ल्यांतून पाणी उडतंय, आणि डोकं तो असा झटकत होता की गळांचा खुळखुळ मला बोटीत ऐकू आला. तीनदा उडाला. मग खोल गेला, बोटीखाली गेला, आणि मग हळूहळू त्याचा जोर ओसरला. शलाकाने जाळीत घेतला. मोजपट्टीवर ठेवला. बहात्तर सेंटिमीटर.

“फर्स्ट बारामंडी! आणि बहात्तर! अगं, लोकांचे तीन-तीन सीझन जातात!” तिने मला मिठी मारली. तिने फोटो काढला. फोटोत मी हसते आहे आणि माशाचा डोळा उन्हाने तांबडा पेटलाय. त्याचा जबडा तिहेरी गळाने एका बाजूने फाटला होता. मी त्याला सोडायचं म्हटलं. तिने जाळीतच पाण्यात धरून ठेवला; तो बराच वेळ हलला नाही, नुसते कल्ले उघडायचे आणि मिटायचे. नंतर शेपटीचा एक फटका मारून गढूळ पाण्यात गेला. जगला की नाही, मला माहीत नाही.

परत येताना शलाका म्हणाली, “बाबांना फोटो पाठव ना, किती दिवस विचारतायत!” मी म्हटलं, “घरी गेल्यावर पाठवते.”

पाठवला नाही.

सोमवारी चार वाजता फोन आला. पाणी किती ते झालं. मग त्यांनी विचारलं, “मिळाला?”

“नाही,” मी म्हटलं.

हे मी का केलं ते मी वर्षभर स्वतःला नीट सांगू शकले नव्हते, आता सांगते. मागे तो आवाज होता. तो तीन सुरांचा. मला वाटलं, मासा मिळाला असं सांगितलं की यांचं विचारायचं संपेल. मासा मिळेपर्यंत हे वाट बघतील. वाट बघणारा माणूस असा मध्येच उठून जात नाही. लहान मुलं फरशीची रेघ न तुडवता चालतात आणि मनात काहीतरी मागतात, तसा माझा तो बावळट सौदा होता. आणि त्याच्याखाली दुसरंही होतं, ते जास्त खरं. माशाचं बोलणं संपलं असतं तर मला दुसरं काहीतरी विचारावं लागलं असतं. मी भित्री आहे. पंपाचा आवाज बंद करायचं एक बटण असतं, ते दाबलं की दोन मिनिटं शांतता मिळते, दोष तसाच राहतो. मी दोन आठवडे ते बटण दाबत राहिले.

“नाही मिळाला? असू दे,” बाबा म्हणाले. “अजून पाणी आहे.”

चौथ्या रविवारी गेले. “नाही.” पाचव्या रविवारी गेले. “नाही बाबा.” त्यांचा आवाज बारीक झाला होता, वाक्यं तुटत होती, पण पातळी ते अजून दशांशात सांगत होते. “आता फार दिवस नाहीत बघ,” ते म्हणाले. “पाणी पात्रात गेलं की संपलं.” मी म्हटलं, “हो, पुढच्या रविवारी नक्की.” मी त्यांना धीर देत होते, असं मला वाटत होतं.

मंगळवारी दादाचा फोन आला. चार वाजता नव्हे, सकाळी. त्याने नुसतं माझं नाव घेतलं.

डार्विनहून सांगली म्हणजे सिंगापूर, मुंबई आणि मग गाडी. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. दारात चपलांचा ढीग होता आणि खुर्चीवर त्यांचा चष्मा. इन्व्हर्टर कोपऱ्यात गुपचूप बसला होता, त्यावर हिरवा दिवा. मी आधी तो बघितला.

मी दादावर ओरडले. सगळ्यांसमोर. महिनाभर हॉस्पिटलात होते आणि मला सांगावंसं वाटलं नाही? दादा खाली मान घालून ऐकत राहिला. एकदाच म्हणाला, “तू यायची आणि मग?” मला त्याच्यावर ओरडायचा काही अधिकार नव्हता, हे त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं.

आईने तेराव्यानंतर सांगितलं. कपाटातले बाबांचे शर्ट बाहेर काढून ती घड्या मोडून पुन्हा घालत होती, काम म्हणून.

“मी दोनदा फोन हातात घेतला होता तुला सांगायला,” ती म्हणाली. “पण ते ऐकेनात. म्हणाले, पोर कधी नव्हे ते घराबाहेर पडलीय, नदीवर जातेय. आत्ता सांगितलं तर सगळं टाकून धावत येईल. तिला एक मासा मिळू दे. मासा मिळाला की त्याच दिवशी सांगा, मग येऊ दे.” तिने शर्टाची कॉलर तळहाताने दाबली. “रोज विचारायचे तुला. फोन धरला की ते मशीन ओरडायचं. नर्स वैतागायची, हात सरळ करा, हात सरळ करा. हे म्हणायचे, पोरीचा फोन आहे, ओरडू दे. आणि तुला काही तो मेला मासा मिळाला नाही.”

माझ्या हातात फोन होता. फोनमध्ये फोटो होता. तिसऱ्या रविवारचा. त्या सोमवारी मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्याच दुपारी आईने मला सांगितलं असतं, आणि माझ्या हाताशी पंधरा दिवस होते. पंधरा दिवस मी त्यांच्या पलंगाशेजारी बसले असते. फोन मी धरला असता, हात सरळ राहिला असता. मी आईला काही सांगितलं नाही. बाबांचा एक शर्ट मागून घेतला आणि परत आले.

लोक म्हणतात, वर्षाने धार कमी होते. माझं काम असं आहे की मला ती रोज लावून मिळते. नळी चिमटीत धरायची, पंप ओरडेपर्यंत थांबायचं, फॉर्मवर पास लिहायचं. वर्कशॉपमधली माणसं कानात बोळे घालतात. मी घालत नाही. घालावेत असं मला वाटत नाही.

आणि आता पुन्हा गवत आडवं झालंय. शलाकाला मी काय उत्तर द्यावं? ती चांगली आहे, तिला वाटतं मला बाहेर काढावं. तिला एवढंच माहीत आहे की माझे वडील गेले. रनऑफ संपता संपता गेले, असं ती दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलंय. मला मासा मिळाला तो दिवस तिच्या लक्षात आहे, पण मी तो कोणाकोणाला सांगितला नाही, हे तिला कसं ठाऊक असणार?

आज चारला आईचा फोन आला. हल्ली ती त्याच वेळेला करते. बाबांच्या फोनवरून करते, त्यामुळे नाव त्यांचं उमटतं. मी तिला म्हटलं, कॅमेरा छताकडे नको, तुझ्याकडे धर. ती जरा लाजली, केस सारखे केले. मग इकडचं तिकडचं झालं. ती गुडघ्यांबद्दल काही बोलली नाही, म्हणजे ते दुखत असणार. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सगळं ठीक आहे.” आणि मग तिनेच विचारलं,

“पाणी उतरायला लागलं असेल ना तिकडे?”

“हो.”

“जा की. यंदा तरी मिळू दे तुला एखादा.”

मी उठून पडदा बाजूला केला. उगाचच. ऊन होतं, आडवं गवत होतं, त्यावर चतुर होते.

“आई, मला मिळाला होता,” मी म्हटलं.

“कधी?”

मी दिवस सांगितला. तिसरा रविवार. ती हिशेब करत होती ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं; ओठ हलत होते, बोटांची पेरं अंगठ्याने मोजत होती, जशी ती एकादशी मोजते. मग अंगठा थांबला. मी फोन खाली ठेवला नाही, नजरही काढली नाही.

तिने विचारलं, “केवढा होता?”

“बहात्तर सेंटिमीटर.”

“मोठा असतो का तो?”

“पहिल्यासाठी मोठाच.”

तिने मान हलवली. तिच्या मागे, भिंतीवर, बाबांचा फोटो होता, हार सुकलेला. तिने तिकडे वळून बघितलं नाही.

“त्यांना सांगायचं होतंस गं,” आई म्हणाली.